आयर्लंडच्या किनाऱ्यानें सहकुटुंब मोटारप्रवास

प्रवासवर्णनें लिहिणारे बहुधा घराबाहेर पडल्यानंतरची हकीगत सांगतात. बाहेर पडण्यापूर्वीं माजघरांत जें कांहीं घडतें, त्याविषयीं ते मौन पाळतात. आम्हांस मात्र असें वाटतें, कीं एकत्र कुटुंबाच्या प्रवासाचें बरेंवाईट त्या माजघरांतल्या चर्चेंतच पुष्कळसें ठरून जातें. २०२५ च्या जून महिन्यांत आम्ही नऊ माणसें दोन मोटारींतून आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यानें आठ दिवस हिंडलों. त्या प्रवासाचा बेत कसा आंखला, कोठें चुकला आणि कोणीं सुधारला, हें सांगितल्यास परदेशीं मुलांभावंडांकडे जाणाऱ्या घरांस कांहीं उपयोग होईल, म्हणून हें लिहीत आहों.

आमचे धाकटे बंधु नोकरीनिमित्त डब्लिन शहरीं राहतात. “एकदां काकूंना घेऊन या,” हें त्यांचें टुमणें कैक वर्षांचें. आमची आई लवकर गेली. आम्हां दोघां भावांना काकूंनींच वाढविलें. त्यांचें वय आज ७८ आहे, गुडघे दुखरे आहेत, पण माहेर दापोली तालुक्यांत समुद्राकांठीं असल्यामुळें समुद्राचें नांव काढलें कीं त्या अजून सरसावून बसतात. लग्नानंतरचें त्यांचें सारें आयुष्य सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे जेथें पाण्याचा एक ओढा वाहिला तरी गांव पाहावयास जातो अशा मुलुखांत गेलें. तेव्हां हा प्रवास काकूंसाठीं होता, ही गोष्ट आरंभींच नमूद केली पाहिजे. कारण पुढें बेत आंखतांना नेमकी तीच गोष्ट आम्ही सर्वजण विसरलों.

बेत आंखण्याचें काम बंधूंच्या वीस वर्षांच्या चिरंजीवांनीं उत्साहानें अंगावर घेतलें. आयर्लंडच्या पर्यटनखात्यानें २०१४ सालीं उत्तरेकडील डॉनिगॉल परगण्यापासून दक्षिणेस किन्सेल बंदरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणारा सुमारें २५०० किलोमीटरांचा एक मार्ग आंखून दिला आहे. ‘वाइल्ड अटलांटिक वे’ हें त्याचें नांव. आमच्या पुतण्यानें या संपूर्ण मार्गाचें नऊ दिवसांचें कोष्टक तयार केलें. रोज सुमारें २८० किलोमीटर! कागदावर तें कोष्टक फारच देखणें होतें. पुण्याहून निघून एका दिवसांत नागपूर गांठणारीं माणसें आमच्या नात्यांत आहेत. त्यामुळें २८० हा आंकडा आम्हांसही फारसा खटकला नाहीं.

तो खटकला बंधूंना. ते म्हणाले, “दादा, तिकडचे किनाऱ्याचे रस्ते म्हणजे महामार्ग नव्हेत. ताशीं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पडले तरी पुष्कळ.” हिशेब केला. दिवसाचे सहा-सात तास नुसते आसनावर बसून जाणार. शिवाय काकूंना दर दीड तासानें उतरून पाय मोकळे करावे लागतात. वादविवाद वाढला. तरुण मंडळी म्हणूं लागली, एवढे पैसे खर्चून जावयाचें तर सगळें पाहूनच यावें. आमचाही कल त्यांच्याकडेच होता, हें येथें कबूल करतों. अखेर आंतल्या खोलींतून काकूंचा आवाज आला: “दिवसभर गाडींतच बसायचें, तर समुद्र पाहायचा कोणीं?”

त्या एका प्रश्नापुढें कोष्टक टिकलें नाहीं. उत्तरेकडचा भाग गळण्यास आणखीही एक कारण होतें, तें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. उत्तर आयर्लंड हा ब्रिटिश राज्याचा भाग आहे. डॉनिगॉलमध्यें हिंडतांना डेरी शहराजवळ सरहद्द केव्हां ओलांडली हें कळतही नाहीं, कारण तेथें चौकी नाहीं, अडसर नाहीं. फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरांऐवजीं मैलांत दिसूं लागतात. परंतु आपल्या भारतीय पारपत्रावर तेथें जाण्यास तेथें चालणारा परवाना लागतोच. कोणी अडवीत नाहीं म्हणून तो लागत नाहीं असें नव्हे. आणि युरोपांतील इतर देशांसाठीं मिळणारा शेंगेन परवाना आयर्लंडला मुळींच चालत नाहीं. त्या देशाचा स्वतंत्र काढावा लागतो.

शेवटीं ठरलें तें असें: मेयो आणि गॉलवे हे दोनच परगणे घ्यावयाचे, दोन रात्री वेस्टपोर्ट गांवीं, आणि पुढें पांच रात्री कॉनेमारा भागांत क्लिफ्डनजवळ एकच सबंध घर भाड्यानें घेऊन तेथून रोज सोयीनें हिंडावयाचें. केरीचें प्रसिद्ध वर्तुळ गेलें, मोहरचे कडे गेले, डिंगल गेलें. पुतण्याचें तोंड दोन दिवस उतरलेलें होतें.

नऊ माणसांना नऊ जागांची एक मोठी गाडी घ्यावी, कीं दोन लहान? खर्चाच्या दृष्टीनें एक मोठी गाडी बरी दिसते आणि सगळीं एकत्र राहतात हाही मोह असतो. आम्ही दोन लहान गाड्यांचा पक्ष घेतला आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाहीं. एक बंधूंची स्वतःची होती, दुसरी भाड्यानें घेतली. त्या रस्त्यांवर मोटारीची लांबी जितकी नडत नाहीं तितकी रुंदी नडते. भाड्याची गाडी सांगतांना गिअर आपोआप बदलणारी हवी असल्यास तसें आधींच सांगावें लागतें. ती महाग पडते आणि ऐन वेळीं मिळत नाहीं. तेथें तात्पुरतें गेलेल्या माणसास आपल्या येथल्या परवान्यावर मोटार हांकतां येते. आमच्या चिरंजीवांनीं जोडीस आंतरराष्ट्रीय परवानाही घेतला होता. तरुण व फार वृद्ध चालकांस गाडी देण्याविषयीं प्रत्येक पेढीचे नियम वेगळाले असतात, ते आधीं विचारून घ्यावे. वीस वर्षांच्या पुतण्यास चाकाला हात लावतां आला नाहीं तो याचमुळें.

आपल्याप्रमाणेंच आयर्लंडांतही मोटारी डावीकडून चालतात, चाकही उजवीकडेच असतें. त्यामुळें आमचे चिरंजीव अगदीं निर्धास्त होते. हा निर्धास्तपणाच पहिल्या दिवशीं भोंवला. आपल्याकडे समोरून गाडी आली तर डावें चाक खालीं मातींत उतरवितां येतें. तिकडे रस्त्याच्या कडेला दाट हिरवळ आणि झुडपें दिसतात, आणि त्या हिरवळीच्या आड दगडावर दगड रचलेली भिंत असते. वेस्टपोर्टच्या पुढें समोरून एक ट्रॅक्टर आला, चिरंजीवांनीं संवयीनें गाडी डावीकडे दाबली, आणि डाव्या बाजूचा आरसा फटदिशीं फुटून लोंबूं लागला. सूनबाई घाबरल्या, आम्हीही. काकू मात्र कांच खालीं करून त्या भिंतीकडे पाहत म्हणाल्या, “अरे, हे तर आमचे गडगे!” खरोखरच, चुना नाहीं, माती नाहीं, असे ते कोंकणांतले गडगेच होते. पेढीनें त्या आरशाबद्दल घेतलेली रक्कम येथें लिहीत नाहीं. पण विम्याचा कागद सही करण्याआधीं शेवटपर्यंत वाचावा, आणि आपल्या पदरचें किती जाऊं शकतें तें स्पष्ट विचारावें, एवढें सांगतों.

त्या दिवसानंतर मोटार हांकण्याचे नियम बंधूंनीं घालून दिले. अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर जिच्यामागें रुंद जागा जवळ असेल तिनें मागें सरावयाचें. मान-अपमानाचा प्रश्न काढावयाचा नाहीं. मागून गांवचा माणूस घाईनें आला तर बाजूला थांबून त्याला पुढें जाऊं द्यावयाचें. तो कामाला निघालेला आहे आणि आपण डोंगर पाहावयास. वाट दिल्याबद्दल समोरचा माणूस चाकावरून एक बोट उचलतो, हा तिकडचा नमस्कार. पंधरा वर्षांची पुतणी प्रत्येक बोट मोजीत बसली होती. २०२५ च्या फेब्रुवारीपासून तेथें गांवोगांवच्या लहान रस्त्यांवरची वेगाची मर्यादा ताशीं ८० वरून ६० किलोमीटरांवर आणली आहे. पण वळणाआड मेंढ्यांचा कळप पहुडलेला असतो अशा रस्त्यावर ६० देखील फार होतात. रस्त्याच्या मधोमध गवताची पट्टी उगवलेली दिसूं लागली, कीं समजावें, नकाशा दाखविणाऱ्या यंत्रानें आपल्याला अंतर वांचविण्याच्या नादांत आडवाटेला घातलें आहे. तें यंत्र अंतर मोजतें. वाटेची रुंदी व काकूंचे गुडघे मोजीत नाहीं.

कॉनेमाराच्या दक्षिण भागांत आयरिश भाषा अजून घरोघर बोलली जाते, आणि त्या मुलुखांत गांवांच्या पाट्या केवळ आयरिश भाषेंत असतात. इंग्रजी नकाशावर ‘कॅरारो’ असें गांव शोधीत गेलेला माणूस ‘अन ख्याहरू रूआ’ अशी पाटी पाहून पुढें निघून जातो. गांव मात्र तेंच. ‘वाट द्या’ ही खूणसुद्धां तेथें आयरिशांत लिहिलेली असते. निघण्यापूर्वीं दोन्ही नांवें एका कागदावर लिहून घ्यावीं. पुष्कळ ठिकाणीं फोन लागत नाहीं, म्हणून नकाशाही आधींच उतरवून ठेवावा. आणि पेट्रोल गांवांत असतांनाच भरून घ्यावें.

खाण्यापिण्याचा प्रश्न आमच्यासारख्या घरांत मोठाच. युरोपबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुधाचे व मांसाचे पदार्थ बरोबर आणण्यास तेथें बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी सगळें घरींच ठेवावें. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी यांना अडथळा आला नाहीं. भाड्यानें सबंध घर घेतल्याचा खरा लाभ स्वयंपाकघरांत दिसतो: सकाळीं पोळीभाजीचे डबे भरून निघावें, रात्रीं आमटीभात. बाहेर खावयाचें झाल्यास भाज्यांचें सूप मागवितांना तें कोंबडीच्या पाण्यांत केलें आहे काय, हें विचारावें. बटाट्याच्या तळलेल्या फोडी कांहीं दुकानांत गाईच्या चरबींत तळतात, तेव्हां तेंही विचारावें. विचारल्याचा कोणासही राग येत नाहीं. तिकडची गव्हाची काळसर पावरोटी मात्र काकूंना फार आवडली. ती यीस्टनें न फुगवितां ताक आणि खाण्याचा सोडा घालून करतात. भावजयीनें कृति सांगतांच काकूंनीं ती तत्काळ आपल्या गणगोतांत सामील करून घेतली.

पाऊस रोज आला आणि रोज गेला. छत्रीचा उपयोग नाहीं, वारा ती उलटी करतो. डोक्यावर टोपी असलेला जाडा रेनकोट हवा. जूनमध्यें तिकडे रात्रीं दहा वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळें सकाळीं पाऊस असला तर बेत खुशाल दुपारवर ढकलावा. “दिवेलागण करायची तरी केव्हां?” हा काकूंचा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाहीं.

आतां त्या रस्त्याविषयीं लिहावयाचें, ज्याच्यासाठीं मूळ कोष्टकांत थांबण्याची एकही वेळ ठेवलेली नव्हती. वेस्टपोर्टहून क्रोक पॅट्रिकच्या पवित्र डोंगराच्या पायथ्यावरून लुईसबर्ग या लहान गांवीं जावें, तेथून दक्षिणेकडे वळावें. थोड्याच वेळांत घरें संपतात, दोन्ही बाजूंनीं उघडे डोंगर जवळ येतात, आणि मध्यें एक लांबट काळें तळें लागतें. डूलॉख म्हणजे काळें तळेंच. वाटेच्या कडेला एक साधा दगडी क्रूस उभा आहे.

१८४५ सालीं आयर्लंडांतील बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि त्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांवर कांहीं वर्षें दुष्काळ कोसळला. दहा लाखांच्या आसपास माणसें मेलीं, तितकींच किंबहुना अधिक देश सोडून गेलीं. १८४९ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस लुईसबर्ग येथें मदतीसाठीं जमलेल्या उपाशी माणसांना, तुमची पाहणी व्हावयाची आहे, सकाळीं डेल्फीच्या बंगल्यावर हजर राहा, असें सांगण्यांत आलें. अंतर सुमारें १९ किलोमीटर. थंडीवाऱ्यांत तीं माणसें रात्रभर चालत गेलीं. तेथें त्यांना कांहीं मिळालें नाहीं. परततांना या खोऱ्यांत त्यांतील कित्येक मरून पडलीं. तो क्रूस त्यांच्यासाठीं आहे, आणि त्यावर महात्मा गांधींचें एक वचन कोरलेलें आहे. इतक्या दूरच्या निर्जन खोऱ्यांत आपल्या माणसाचें नांव अवचित वाचलें म्हणजे मनाचें काय होतें, हें लिहून सांगतां येत नाहीं.

बंधु मुलांना सांगत होते, कीं त्या दुष्काळांत सरकारनें रस्त्यांचीं कामें काढलीं होतीं. कांहीं रस्ते तर कोठेंच जात नाहींत, डोंगरावर मध्येंच संपतात. डोंगराच्या उतारावर बटाट्याच्या जुन्या वाफ्यांच्या रेघा अजून दिसतात. काकू गाडीच्या दाराशीं टेकून ऐकत होत्या. १९७२ चा दुष्काळ आमच्याकडे पडला तेव्हां आम्ही सहा वर्षांचे होतों. परदेशांतून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी आणि शाळेंत मिळणारी सुकडी एवढेंच आम्हांस आठवतें. काका शिक्षक होते, खडी फोडण्याच्या कामावरचें हजेरीपत्रक लिहिण्यास त्यांना पाठविलें होतें. काकू म्हणाल्या, “आमच्याकडे बायका उन्हांत खडी फोडीत, पण आठवड्याला हातांत कांहीं तरी पडे रे.” मग त्या कांहीं बोलल्या नाहींत. आम्ही तेथें पाऊण तास थांबलों. पुतण्यानें घड्याळ पाहिलें नाहीं.

पुढचा रस्ता किलरीच्या खाडीकांठानें लीनॅनला जातो. समुद्राचा हा चिंचोळा हात सोळा किलोमीटर डोंगरांत शिरला आहे. काइलमोरचा तळ्याकांठचा मठ सगळेच पाहतात, आम्हीही पाहिला. क्लिफ्डनजवळच्या दलदलींत १९१९ च्या जूनमध्यें अल्कॉक आणि ब्राऊन हे न थांबतां अटलांटिक ओलांडणारे पहिले वैमानिक विमानासह उतरले, किंबहुना रुतले. ती जागा चिरंजीवांनीं पायीं हिंडून पाहिली. आमचें स्वतःचें कुतूहल बॅलिनाहिंचच्या वाड्याविषयीं होतें. ज्यांच्या नांवानें आपल्याकडे रणजी करंडक खेळला जातो, त्या नवानगरच्या जामसाहेबांनीं १९२४ च्या सुमारास हा वाडा विकत घेतला होता, आणि सामन मासे धरण्यासाठीं ते उन्हाळ्यांत तेथें येऊन राहत. तेथें आतां पाहुण्यांसाठीं हॉटेल आहे. बाहेर नदी खळाळत होती.

राहिली ओमी बेटाची गोष्ट. क्लिफ्डनच्या वायव्येस क्लॅडाडफ म्हणून गांव आहे. त्याच्यासमोर हें लहानसें बेट. ओहोटीच्या वेळीं मधली वाळू उघडी पडते आणि खांबांच्या खुणेनें माणसें व मोटारी पलीकडे जातात. भरतीला तीच वाट समुद्राखालीं जाते. संध्याकाळचा उजेड सुंदर पडतो म्हणून पुतण्यानें तेथें पांच वाजतां जाण्याचें ठरविलें होतें. आदल्या रात्रीं जेवतांना काकूंनीं सहज विचारलें, “उद्यां तिथि कोणती?” नुकतीच वटपौर्णिमा झाली होती, सूनबाई आणि भावजय यांनीं कागदावर वड काढून पूजा केली होती, त्यामुळें उत्तर सोपें होतें. उद्यां प्रतिपदा. काकूंनीं बोटांवर हिशेब केला: पौर्णिमेची पंधरावी, तिच्यापुढची ही सोळावी, सोळाचे पाऊणपट बारा, म्हणजे दुपारीं बाराला पूर्ण भरती, संध्याकाळीं सहाला ओहोटी. “पांचाला जायला हरकत नाहीं,” त्या म्हणाल्या.

पण भरतीचें नांव निघालें म्हणून भावजयीनें तिकडचें छापील वेळापत्रक उघडलें, आणि सगळ्यांचा घांस हातांतच राहिला. ओहोटी दुपारीं एकच्या सुमारास होती! पांच वाजतां गेलों असतों, तर पाणी चढत असतांना वाळूंत सांपडलों असतों. काकूंचें गणित कोंकणच्या किनाऱ्यावर खरें आहे. पण भरतीची वेळ चंद्राबरोबर त्या त्या किनाऱ्याच्या आणि समुद्रतळाच्या घडणीवरही अवलंबून असते, आणि तेथें ती कोंकणाच्या मानानें जवळजवळ उलट पडते. दोन गोष्टी मात्र दोन्हीकडे सारख्याच: रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढें सरकते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती मोठी येते. आपलें गणित चुकल्याचें काकूंना वाईट वाटलें नाहीं, उलट, “असें कां व्हावें?” म्हणून त्यांनीं पुतण्याकडून रात्रीं अकरापर्यंत चित्रें काढून घेतलीं.

दुसऱ्या दिवशीं बाराला आम्ही वाळूवर होतों. भाड्याच्या मोटारीचा विमा असल्या ठिकाणीं लागू होईल अशी खात्री नव्हती, म्हणून ती कांठावरच ठेवली. काकू बंधूंच्या गाडींतून गेल्या, बाकीचीं आम्ही अनवाणी. बेटावर वाळूखालून उकरून काढलेलें एक जुनें चर्च आहे, एक गोड्या पाण्याचें तळें आहे, आणि फार वारा आहे. काकू ओल्या वाळूंत पावलें रोवून उभ्या होत्या, साठ वर्षांपूर्वीं माहेरीं उभ्या राहत असाव्यात तशा. अडीचला परतलों. पांचाला कांठावर बसून थर्मासमधला चहा पीत असतां पाहिलें, तों ते खुणेचे खांब पाण्यांत उभे होते. पुतण्यानें वहींतलें कोष्टक काढून त्यांत तिथीचा एक रकाना आंखला, आणि त्याच्या शेजारीं भरतीच्या छापील वेळेचा दुसरा.

परततांना गॉलवेहून डब्लिनपर्यंत महामार्ग आहे, त्याविषयीं सांगण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र डब्लिनभोंवतालच्या मोठ्या रस्त्यावर टोलनाकाच दिसत नाहीं. कॅमेरा गाडीचा क्रमांक टिपून घेतो, आणि दुसऱ्या दिवशीं रात्रीं आठच्या आंत पैसे आपण होऊन भरावयाचे असतात, न भरल्यास दंड. नऊशें किलोमीटरांच्या प्रवासानंतर ही गोष्ट सगळेच विसरलों होतों. दुसऱ्या रात्रीं आठला दहा मिनिटें कमी असतां भावजयीला आठवण झाली, तेव्हां काकू खिडकीशीं बसून, बाहेर लख्ख उजेड असतां, देवापुढें दिवा लावावा कीं न लावावा याचा विचार करीत होत्या.